आजारी माणसानेच का धावायचं?

“कंबर तशी अधूनमधून दुखतेच हो,” एवढंच माझी थोरली बहीण डॉक्टरांना म्हणाली. त्यांनी विचारलं म्हणून म्हणाली. डॉक्टरांनीही नेहमीच्या सवयीने केसपेपरवर एक ओळ लिहून घेतली: कंबरदुखीचा जुना त्रास. पुढे दीड महिन्याने त्याच ओळीवर बोट ठेवून विमा कंपनीने तिचा क्लेम नाकारला.

झालं होतं ते असं. भावजी निवृत्त झाल्यावर दोघं पहिल्यांदाच लांबच्या सहलीला निघणार होते. तिकिटं, हॉटेलं, तिथल्या तिथे फिरायची बुकिंगं, सगळं चार-पाच महिने आधी झालेलं. प्रवास विमाही तेव्हाच काढलेला. निघायला अकरा दिवस उरले असताना ताई बॅग उचलायला वाकली, ती सरळ होऊच शकली नाही. मणक्यातली चकती सरकली होती आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जात होती. असं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं. दिवसभर उभं राहून काम केलं की साठीच्या माणसाची कंबर धरते, तशी तिची धरायची आणि रात्रीच्या झोपेने सुटायची. त्यासाठी ती कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. पण कंपनीच्या पत्रात म्हटलं होतं की हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीपासूनचा असल्यामुळे दावा देय नाही.

ताईला उठता येत नव्हतं, भावजी तिच्या उशाशी, म्हणून कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे आलं. दोन महिने मी फॉर्म भरले, फोन केले, शिक्के गोळा केले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी ठामपणे मांडणार आहे. आजारपणामुळे प्रवास रद्द झाला, तर धावाधाव त्याने करायला हवी ज्याच्या हातात पैसे आहेत. प्रश्न त्याने विचारावेत, पुरावा त्याने मागवावा, हिशोब त्याने दाखवावा. आज सगळं ओझं अंथरुणाला खिळलेल्या माणसावर टाकलेलं आहे आणि त्यालाच आपण ‘प्रक्रिया’ म्हणतो.

‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांपासूनच सुरुवात करू. ऐकायला ते सरळ वाटतात. आधी हृदयविकार होता, तो लपवून विमा काढला, मग त्याच कारणाने प्रवास रद्द झाला, तर पैसे मिळू नयेत हे कुणालाही पटेल. पण अनेक पॉलिसींमध्ये व्याख्या तिथे थांबत नाही. निदान झालेलं असो वा नसो, ‘लक्षणं’ दिसली असली तरी पुरे, असं त्यात लिहिलेलं असतं. कुठे मागचे ६० ते १८० दिवस पाहतात, कुठे काही वर्षं. आता लक्षण कशाला म्हणायचं? थकवा, डोकेदुखी, पित्त, कंबरदुखी यांतलं काहीच कधी झालं नाही असा माणूस मला दाखवा. आजार आल्यानंतर मागे वळून पाहिलं की प्रत्येक किरकोळ दुखणं त्याची नांदी वाटू लागतं. आधी मात्र ते कुणालाच दिसत नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही.

त्याहून अवघड गोष्ट नातेवाइकांची. स्वतः प्रवासाला न निघालेल्या जवळच्या माणसाच्या आजारपणामुळे सहल रद्द झाली तरी अनेक पॉलिसी भरपाई देतात. पण ‘आधीपासूनचा आजार’ हा अपवाद त्या माणसालाही लावतात. म्हणजे सासूबाईंना चार महिन्यांपूर्वी कसल्या तपासण्या सांगितल्या होत्या, हे सुनेला ठाऊक असायला हवं. कित्येक घरांत वडीलधारी माणसं आपलं दुखणं मुलांपासूनच लपवतात. जे मला कुणी सांगितलंच नाही, ते मी न सांगितल्याचा दंड मला होतो.

विमा व्यवसाय या बाबतीत एका फार जुन्या तत्त्वाचा आधार घेतो. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, तेव्हा विमा घेणाऱ्याने काहीही लपवू नये, असं ते तत्त्व सांगितलं जातं. ज्या निकालाने ते रूढ झालं तो १७६६ चा, कार्टर विरुद्ध बोहम या इंग्लंडमधल्या खटल्यातला. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून विमा काढला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याचं म्हणणं असं की किल्ला कमकुवत आहे हे गव्हर्नरने दडवलं. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सद्भावाचं तत्त्व मांडलं खरं, पण निकाल दिला तो विमा देणाऱ्याच्या विरुद्ध. जे तुम्हाला माहीत होतं किंवा विचारलं असतं तर कळलं असतं, ते न विचारता प्रीमियम घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर ‘आम्हाला सांगितलं नव्हतं’ म्हणून हात वर करायचे, हे सद्भावात बसत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. अडीचशे वर्षांनी तेच तत्त्व एका बाजूचं हत्यार होऊन बसलं आहे.

ब्रिटनने निदान स्वतःच्या घरात ही चूक दुरुस्त केली. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने तिथे सामान्य ग्राहकावरचं ‘आपणहून सगळं सांगा’ हे ओझं काढून टाकलं. आता कंपनीने नेमके प्रश्न विचारायचे आणि ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरं द्यायची. प्रश्न मोघम होता की स्पष्ट, हेही वाद झाला तर पाहिलं जातं. आमच्या ताईला पॉलिसी घेताना एकच प्रश्न होता: ‘तुम्हाला आधीपासूनचा काही आजार आहे का?’ शेजारी एक चौकोन. तिने ‘नाही’वर खूण केली. मी आजही तिच्या जागी असतो तर तीच खूण केली असती.

आता डॉक्टरांच्या सर्टिफिकेटबद्दल. त्यांनी पहिल्यांदा जो कागद दिला त्यावर होतं, ‘रुग्णास विश्रांतीचा सल्ला दिला आहे.’ सरळ, माणुसकीचं वाक्य. कंपनीने तो परत पाठवला. त्यांना हवं होतं ‘प्रवास करण्यास वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’, आणि तेही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मी पुन्हा दवाखान्यात गेलो, बाहेर बाकावर दीड तास बसलो. डॉक्टर चांगले होते, पण त्रासलेले. म्हणाले, “अहो, जिला कूस बदलता येत नाही, ती विमानात बसेल का? हे काय वेगळं लिहायला पाहिजे?” लिहायला पाहिजे होतं. तारीख लिहिली तर सहीखाली शिक्का राहिला. शिक्का मारला तर नोंदणी क्रमांक राहिला. ताईची अवस्था तीन कागदांत तसूभरही बदलली नव्हती, फक्त तिचं वर्णन कंपनीच्या साच्यात बसत गेलं. काही पॉलिसींमध्ये तर रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज आजार मोजतच नाहीत. घरी पडून असलेल्या रुग्णाला तिथे काहीच किंमत नाही. हे सगळं दोन बाबींनी टळलं असतं: पॉलिसीसोबतच सर्टिफिकेटचा छापील नमुना द्यायचा, आणि रुग्णाची संमती घेऊन कंपनीने थेट डॉक्टरांकडे विचारणा करायची. यात अवघड काय आहे?

पण सगळ्यात जास्त मला छळलं ते ‘रद्द कधी केलं’ या प्रश्नाने. प्रवास जवळ येईल तसे कॅन्सलेशन चार्ज वाढत जातात. महिनाभर आधी थोडे, दहा दिवसांवर निम्मे, शेवटच्या तीन-चार दिवसांत जवळजवळ सगळेच. आणि पॉलिसीतलं कलम असं की प्रवास करता येणार नाही हे कळताच तुम्ही रद्द करायला हवं. उशीर केलात तर ज्या दिवशी कळलं त्या दिवशीच्या दरानेच भरपाई मिळेल, वरचा फरक तुमचा तुम्ही सोसा. कागदावर हे चोख वाटतं. खऱ्या आजारपणात ‘कळण्याचा’ असा दिवस नसतो. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाहू, चार-पाच दिवसांत उतार पडेल. तिसऱ्या दिवशी ताई भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेली, तर घरात सगळ्यांचे चेहरे फुलले. पाचव्या दिवशी कळ पुन्हा उठली. भावजी रोज संध्याकाळी विचारायचे, “काय वाटतंय गं?” आणि ती रोज म्हणायची, “उद्या बघू या.” तिला त्यांचा हिरमोड करायचा नव्हता. आठव्या दिवशी आम्ही रद्द केलं, तोवर कॅन्सलेशन चार्जच्या तक्त्यातली शेवटची ओळ लागू झाली होती.

त्या आठ दिवसांत तिने काय चूक केली? तिने बरं व्हायची आशा धरली. लगेच रद्द केलं असतं आणि चार दिवसांत ती खडखडीत बरी झाली असती, तर तीच कंपनी म्हणू शकली असती की प्रवास शक्य होता, तुम्ही घाई केलीत. दोन्हीकडून कात्रीत सापडायचं, आणि तेही वेदनाशामकाच्या गुंगीत. म्हणून माझा आग्रह आहे की रद्द करण्याची ग्राह्य तारीख डॉक्टरने ‘आता जाऊ नका’ असं स्पष्ट सांगितलं तीच धरली जावी. लक्षण पहिल्यांदा दिसल्याच्या तारखेला या हिशोबात स्थान नको.

विम्याच्या आधी येतो तो थेट परतावा, आणि इथे लोकांचा फार गोंधळ होतो. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे परत मिळणं हा बहुतेक ठिकाणी हक्क आहे; युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सात दिवसांची मुदत घालतो. आपण स्वतः रद्द केलं, मग कारण कितीही खरं असो, तर तिकिटाच्या अटी लागू होतात. पण ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून हात टेकू नयेत. तिकिटात मूळ भाडं वेगळं असतं, विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर वेगळे. प्रवाशाने उड्डाण केलंच नाही, तर ते कर कशाचे? भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावीत, आणि कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या पुढे जाऊ नये. मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटांनाही हे लागू आहे. हा नियम किती प्रवाशांना माहीत असतो? आणि माहीत नसेल, मागितलं नाही, तर ते पैसे कुणाच्या खात्यात राहतात? जे माझं आहे ते मागितल्यावरच मिळणार, यातच अन्याय आहे. तिकीट रद्द होताक्षणी कराची रक्कम आपोआप परत फिरायला हवी. भाडं घेताना सगळं क्षणात होतं, मग देताना अर्ज कशाला?

आणखी एक चकरा मारायची जागा म्हणजे एजंट. विमान कंपनी म्हणते तिकीट एजंटकडून घेतलंत, त्याला विचारा. एजंट म्हणतो कंपनीकडून पैसे आले की देतो. विमा कंपनी म्हणते आधी दोघांकडून किती मिळालं ते लेखी आणा, मग उरलेल्याचं बघू. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी नियमाला धरून असतं आणि मधे आजारी माणसाचा चेंडू होतो. यावर उत्तरं निघालेली आहेत. भारतात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची ठरवली आहे. अमेरिकेच्या परिवहन विभागाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमात परतावा देणं लागत असेल तेव्हा कार्डाच्या स्टेटमेंटवर विक्रेता म्हणून ज्याचं नाव आहे त्याने तो द्यायचा असं ठरवलं. त्याच नियमात गंभीर संसर्गजन्य आजारामुळे प्रवास न करू शकणाऱ्याला पुढच्या प्रवासासाठी निदान पाच वर्षं वापरता येईल असं क्रेडिट देण्याची तरतूद होती. कुठलीही पद्धत निवडा, पण एकाच दाराकडे बोट दाखवा.

ठरवून दिलेल्या टूर पॅकेजच्या बाबतीत मला युरोपीय संघाचा २०१५ चा निर्देश आदर्श वाटतो. प्रवाशाला निघण्यापूर्वी कधीही करार सोडता येतो. आयोजक शुल्क घेऊ शकतो, पण ते योग्य आणि समर्थनीय हवं. ठरावीक शुल्क आधी लिहिलेलं नसेल, तर वाचलेला खर्च आणि ती जागा दुसऱ्याला देऊन मिळालेलं उत्पन्न वजा करूनच रक्कम काढायची. प्रवाशाने विचारलं तर त्या रकमेचं कारण द्यावं लागतं आणि उरलेले पैसे १४ दिवसांत परत करावे लागतात. शिवाय सात दिवस आधी कळवून आपली जागा दुसऱ्या कुणाला देता येते. मला यातला विचार भावतो तो असा: रिकामी झालेली खोली पुन्हा विकली गेली असेल, तर एकाच खोलीचे पैसे दोनदा का घ्यायचे? ताईच्या हॉटेलला मी हे विचारलं. उत्तर आलं की आमच्या धोरणात असं बसत नाही. खोली विकली गेली की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. परत न मिळणारं तिकीट स्वस्त असतं ते त्यामुळेच. खोटी सर्टिफिकेटं मिळतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अटी सैल केल्या की फसवणूक वाढेल आणि तिचा भार सगळ्यांच्या प्रीमियमवर पडेल. पहिली बाब मला मान्य आहे. प्रत्येक आजारी प्रवाशाला विमान कंपनीने मूळ भाडं द्यावं असं मी म्हणत नाही. ती जोखीम उचलण्यासाठीच तर विमा विकला जातो. दुसऱ्या बाबीवर मात्र मी अनुभवाने बोलतो. फसवायलाच निघालेल्या माणसाचे कागद पहिल्या दिवशीच पूर्ण असतात. त्याला नेमके शब्द, तारखा, शिक्के सगळं माहीत असतं. अडकतो तो खरा रुग्ण, कारण त्याला क्लेमचा विचार शेवटी सुचतो. कागद वाढवून खोटेपणा पकडला जात नाही, फक्त खरा माणूस दमून जातो. शंका असेल तिथे चौकशी जरूर करा. तुमच्याकडे त्यासाठी माणसं आहेत, तज्ज्ञ आहेत, डॉक्टर आहेत. अंथरुणावरच्या माणसाकडे यातलं काही नाही.

‘कोणत्याही कारणाने रद्द करा’ असं जादा कलम विकत घेण्याचा सल्लाही देतात. काही देशांत ते मिळतं, पण पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं, प्रीमियम बराच वाढतो आणि परत मिळतात ते बहुधा ७५ टक्के. ज्याला परवडतं त्याने घ्यावं. हा न्यायाला पर्याय होत नाही. आणि अनेकांना तर आपल्याकडे कसला विमा आहे हेच माहीत नसतं. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला म्हणून लोक निश्चिंत होतात, पण त्या अटीत प्रवासातले तातडीचे उपचार आणि रुग्णाला परत आणणं एवढंच येतं. घरूनच निघता आलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही. रद्द होण्याचं संरक्षण वेगळं पाहावं लागतं, आणि बुकिंगच्या दिवशीच घेतलं तर ते त्या दिवसापासून कामी येतं.

मनाच्या आजाराबद्दल तर अजून दारच बंद आहे. अनेक पॉलिसींमध्ये नैराश्य किंवा तत्सम कारण सरसकट वगळलेलं असतं. ऑस्ट्रेलियात एका शाळकरी मुलीला नैराश्यामुळे शाळेची परदेश सहल रद्द करावी लागली. बुकिंग केलं तेव्हा तिला असा कुठलाच आजार नव्हता. क्लेम नाकारला गेला तेव्हा ती व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायाधिकरणापुढे गेली. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला की मानसिक आजार सरसकट वगळणं हा बेकायदा भेदभाव आहे. विमा कंपनीला तो अपवाद आकडेवारीने सिद्ध करता आला नाही. सहलीच्या रकमेखेरीज मनस्तापाचीही भरपाई तिला मिळाली. पण हे मिळायला तिला किती वर्षं लढावं लागलं असेल, आणि तीही नैराश्यातून उठलेली मुलगी. प्रत्येकाच्या अंगात तेवढं बळ उरतं का?

कुणाचा क्लेम अडला असेल तर एक सांगतो: पहिला नकार शेवटचा धरू नका. नकाराचं कारण आणि त्यासाठी लावलेलं कलम लेखी मागा. तेही मिळालं की डॉक्टरांकडून नेमक्या त्या मुद्द्याचं पत्र घ्या. त्यानंतर भारतात विमा लोकपाल आहे, ब्रिटनमध्ये फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस आहे. तक्रारीला दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. आम्ही डॉक्टरांचं दुसरं पत्र लावलं: चकतीचा हा त्रास नवा आहे, यापूर्वी तपासणी वा उपचार झाल्याची नोंद नाही. तेवढ्यावर कंपनीने आपला नकार मागे घेतला. पैसे मात्र पहिल्या दिवसाच्या दराने दिले, म्हणजे भरलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. आम्ही पुढे गेलो नाही. ताई म्हणाली, “पुरे झालं रे आता, मला त्या कागदांचं नाव नको.”

गेल्या महिन्यात मी तिला तपासणीला घेऊन गेलो होतो. डॉक्टर नवे होते, मोकळेपणाने विचारत होते, झोप कशी आहे, पाय कधी बधिर होतात का. ताई बोलायला लागली आणि मधेच थांबली. त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहून तिने विचारलं, “डॉक्टर, हे तुम्ही लिहून घेणार आहात का?”